काच फ्रान्सची, चौकट कोणाची?
पेडणे-डिचोलीतल्या सोनेरी आरशांविषयी

गोव्यात जुने सामान घ्यायला गेलेल्या माणसाला एक वस्तू हमखास दाखवली जाते: सोनेरी नक्षीच्या चौकटीतला, पुरुषभर उंचीचा, भिंतीवर टांगायचा आरसा. विकणारा तीन गोष्टी सांगतो. आरसा फ्रेंच आहे, अँटिक आहे आणि मोठ्या घराण्यातला आहे. घेणारा चौकटीवरून बोट फिरवतो, आरशात स्वतःकडे एकदा पाहतो आणि भाव विचारतो.

हे तीन दावे वेगवेगळे आहेत. पहिला आरसा कुठे घडला याविषयीचा, दुसरा त्याच्या वयाविषयीचा आणि तिसरा त्याच्या घराविषयीचा. पहिल्या दोहोंची परीक्षा आरसा स्वतःच देतो. तिसऱ्याची साक्ष मात्र माणसांकडे असते, आणि ती माणसे आता कमी होत चालली आहेत. आपल्या मंडळातल्या ज्या कुटुंबांची मुळे गोव्यात किंवा सावंतवाडी-बांदा-दोडामार्ग पट्ट्यात आहेत, त्यांच्यापैकी काही जण हे आरसे विकणाऱ्यांच्या बाजूला असतील, काही घेणाऱ्यांच्या. दोघांनाही उपयोगी पडावा म्हणून हा लेख.

नव्या काबिजादीतले वाडे

गोव्यातले भव्य दिवाणखाने म्हटले की आपल्याला सासष्टी आठवते. चांदोरचे मिनेझिस ब्रागांझा यांचे घर सर्वांना ठाऊक आहे: नृत्याची प्रशस्त साल, संगमरवरी फरशी, झुंबरे आणि सोनेरी चौकटींचे आरसे. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी हे तालुके सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. त्या जुन्या काबिजादीत युरोपीय चालीचे दिवाणखाने उभे राहिले, यात नवल नाही.

पेडणे आणि डिचोलीची गोष्ट निराळी. हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांचा. १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने पेडण्यातला हळर्णचा किल्ला घेतला आणि त्या विजयाबद्दल त्याला 'मार्केस द अलोर्ना' ही पदवी मिळाली. अलोर्ना म्हणजे आपले हळर्णच. पुढे मुलूख परत हातातून गेला. डिचोली आणि सत्तरी १७८० नंतरच्या दोनतीन वर्षांत आणि पेडणे १७८८ च्या तहाने कायमचे पोर्तुगीज अमलाखाली आले. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. त्यामुळे इथली देवळे राहिली, देशमुखी-देसायांची घराणी राहिली आणि घरातली भाषा व मोडीतले दप्तरही राहिले. तिसवाडीतल्या दिवाडीहून हलवलेला सप्तकोटेश्वर याच डिचोलीतल्या नार्वे गावी विसावला होता आणि त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी केला होता.

म्हणजे या दोन तालुक्यांतल्या मोठ्या घरांचे तोंड एकाच वेळी दोन दिशांना होते. पेडण्याचे देशप्रभू हे याचे ठळक उदाहरण. त्यांचा वाडा मराठी पद्धतीने अनेक चौकांचा, आणि पोर्तुगालच्या राजसत्तेने या घराण्याला दिलेली पदवी मात्र 'विश्कोंद' ही युरोपीय सरदाराची. साखळीच्या राणे घराण्याचेही तसेच. पोर्तुगीज सत्तेशी त्यांचा संबंध कधी सलोख्याचा, कधी बंडाचा. सत्तरीतले दीपाजी राण्यांचे १८५२ चे बंड आणि दादा राण्यांचे १८९५ चे बंड प्रसिद्धच आहेत.

अशा घरात सोनेरी आरसा आला की लोक म्हणतात, 'साहेबाची नक्कल.' ते अर्धेच खरे आहे. आरशांची हौस आपल्याकडे पोर्तुगिजांनी आणली नाही. पुण्याच्या शनिवारवाड्यात आरसेमहाल होता. कच्छच्या भुज शहरात अठराव्या शतकात आईनामहाल उभा राहिला, आणि तो उभारणारा रामसिंह मालम युरोपात काचकाम शिकून आलेला होता. गोव्यातल्या कवळे, मंगेशी अशा देवस्थानांच्या सभामंडपांत काचेच्या हंड्या आणि झुंबरे आजही लटकताना दिसतात. देवाच्या राजोपचारांत छत्र-चामरांच्या जोडीने दर्पणही असतो. राजाला, देवाला आणि घरच्या यजमानाला आरसा शोभतो, ही समजूत आपली जुनीच. त्या समजुतीला साजेशी मोठी आणि निर्दोष काच मात्र परदेशातून आणावी लागे.

'पारा उडाला' म्हणजे काय

ही मोठी काच बनवण्याचे तंत्र फ्रान्सने कसे मिळवले, ते थोडक्यात पाहू. सतराव्या शतकापर्यंत चांगला आरसा म्हणजे व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचा. फुगवलेल्या काचेचा नळा कापून, उलगडून, सपाट करून तो बनवत, त्यामुळे आकाराला मर्यादा असे. फ्रान्सचा मंत्री कोल्बेर याला आरशांपायी परदेशात जाणारा पैसा सलत होता. १६६५ मध्ये त्याच्या पुढाकाराने पॅरिसमध्ये आरशांचा शाही कारखाना निघाला. व्हर्सायच्या राजवाड्यातले ३५७ आरशांचे प्रसिद्ध दालन १६८४ मध्ये पुरे झाले. त्याच दशकात वितळलेली काच धातूच्या सपाट मेजावर ओतून, वरून रूळ फिरवून तिचा पत्रा करण्याची युक्ती फ्रान्समध्ये साधली. मग तो पत्रा घासून गुळगुळीत करायचा. या रीतीने माणसाहून उंच आरसे शक्य झाले. कारखाना पुढे सेंट-गोबेन गावी स्थिरावला. आज आपल्या फ्लॅटच्या खिडक्यांना ज्या सेंट-गोबेनची काच असते, तीच ही कंपनी.

काचेचा आरसा व्हायला मागे लेप हवा. कथलाचा पातळ पत्रा पसरायचा, त्यावर पारा ओतायचा, वरून काच सरकवायची आणि वजन ठेवून जास्तीचा पारा निथळू द्यायचा. कथील आणि पारा मिळून काचेला धरून बसत. आपल्या भांड्यांच्या कल्हईतले कथील ते हेच. १८३५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने काचेवर चांदीचा थर चढवण्याची रासायनिक रीत शोधली. १८५० नंतर ती कारखान्यांत रुळू लागली आणि विसावे शतक उजाडेपर्यंत पाऱ्याचे आरसे जवळपास संपले. आपली भाषा मात्र अजून पाऱ्याच्याच काळात आहे. आरसा जुना झाला की आपण म्हणतो, 'पारा उडाला.' बहुतेक वेळा त्या आरशात पारा कधी नव्हताच!

भाषेची दुसरी गंमत म्हणजे 'बेल्जियम'. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या वाड्यात जा, चांगल्या आरशाला 'बेल्जियमची काच' म्हणतील. बेल्जियमची काच एकोणिसाव्या शतकात जगभर जात असे हे खरे, पण आपल्याकडे ते देशाचे नाव न राहता प्रतीचे नाव झाले. गोव्यातल्या बाजारात 'फ्रेंच' आणि 'पोर्तुगीज' हे शब्द आज तसेच वापरले जातात. ते ऐकून घ्यावेत, पण त्यांवर पैसे मोजू नयेत.

चौकटीचे लाकूड काय सांगते

आरशाची काच आणि चौकट एकाच गावची असेलच असे नाही. काच नाजूक आणि घडवायला अवघड, म्हणून ती दुरून येई. चौकट मात्र लाकडाची, आणि लाकूडकाम करणारे हात गोव्यात भरपूर होते.

जुन्या गोव्याच्या चर्चमधल्या सोनेरी वेदी पाहा. लाकडावर खोल कोरीव काम आणि त्यावर सोन्याचा वर्ख. हे काम पुष्कळसे स्थानिक कारागिरांच्या हातचे. हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती व चित्रे करू नयेत असे १५६७ च्या गोव्याच्या धर्मपरिषदेने ठरवले होते. मनाई करावी लागली, याचाच अर्थ ते काम त्यांच्याकडे जात होते. गोव्यातल्या घरांतले शिसवी आणि सागवानी सामानही बरेचसे इथल्याच मेस्तांनी घडवलेले आहे. मेस्त, मेस्त्री हे शब्दसुद्धा पोर्तुगीज 'मेस्त्र'वरून आलेले.

वर्ख चढवण्याची युरोपीय रीत ऐकली की सावंतवाडीच्या माणसाला ती ओळखीची वाटेल. कोरलेल्या लाकडावर खडू आणि सरस यांचे अनेक थर देतात, ते घासून गुळगुळीत करतात, त्यावर तांबड्या मातीचा हात फिरवतात, ती ओलावून सोन्याचा वर्ख बसवतात आणि अकीकाच्या दगडाने घोटून चकाकी आणतात. सावंतवाडीचे चितारी गंजिफा करतात तेव्हा कापडाला चिंचोक्याची खळ देतात, खडूचा थर चढवतात, दगडाने घोटतात, चित्र काढतात आणि लाखेचा हात देतात. दोन देशांतल्या कारागिरांना पृष्ठभाग गुळगुळीत करायचा तर खडू, खळ आणि दगड हीच साधने सुचली. तेव्हा परदेशी काचेला इथल्या हाताने चौकट घालणे मुळीच अशक्य नव्हते.

म्हणून गोव्यात आरसा पाहताना तो पाठमोरा करून पाहावा. पाठीच्या फळ्या ओल आणि वाळवी यांमुळे अनेकदा बदललेल्या असतात, त्यांवर विसंबू नये. चौकटीचे मूळ लाकूड पाहावे. ते पाइन, लिंडन किंवा ओक असेल तर चौकट युरोपातून आली असण्याचा संभव. साग, शिसव किंवा फणस असेल तर ती आपल्या बाजूची. बाजारात दुसऱ्या प्रकाराला 'अस्सल नाही' म्हणून भाव कमी येतो. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तोच अधिक मोलाचा आहे. फ्रान्समध्ये घडलेला आरसा फ्रान्समध्ये हजारोंनी सापडेल. फ्रेंच काचेला पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या मेस्ताने फणसाच्या लाकडाची चौकट करून दिली असेल, तर तशी वस्तू दुसरीकडे कुठे मिळायची?

घेताना काय पाहावे

आता खरेदीतली व्यवहाराची बाजू.

पहिले, काच. नखाचे टोक काचेला लावा. नख आणि त्याचे प्रतिबिंब यांत जे अंतर दिसते त्यावरून काचेच्या जाडीचा अंदाज येतो. हाताने घासलेली जुनी काच पूर्ण सपाट नसते, बाजूने पाहिले तर प्रतिबिंब किंचित लहरते. पाऱ्याचा आरसा थोडा करडा, निळसर दिसतो आणि त्यात बारीक चमचमणारे ठिपके असतात. त्यातला पारा वर्षानुवर्षे खाली उतरत राहतो, म्हणून खालची कड आधी खराब होते. चांदीच्या आरशाची मात्र कडेने काळी झाक येते. फार उंच आरशात दोन काचा एकावर एक जोडलेल्या असल्या तर तो दोष समजू नये.

दुसरे, सोने. वर्खाच्या चौकोनी पानांच्या जोडरेषा निरखून पाहिल्यास दिसतात आणि झिजलेल्या उंचवट्यांवर खालची तांबडी माती डोकावते. पितळी भुकटीचा रंग दिला असेल तर तो काळाने तपकिरी पडतो, सोने पडत नाही. एकोणिसाव्या शतकात बरीचशी नक्षी कोरण्याऐवजी खडू, सरस, राळ आणि जवसाचे तेल यांच्या लगद्याची साच्यातून काढून चिकटवत. अशा नक्षीला ठरावीक अंतरावर आडव्या चिरा जातात.

तिसरे, घडण. वरचे दोन कोपरे गोलसर आणि खालचे काटकोनी, अशा साध्या चौकटीला 'लुई-फिलिप' म्हणतात. हा राजा १८३० ते १८४८ या काळातला. वर फुलापानांचा किंवा ढालीचा मोठा तुरा असेल तर ती तिसऱ्या नेपोलियनच्या, १८५२ ते १८७० च्या काळातली घडण. खालची बाजू सपाट आणि बिननक्षीची असेल तर तो शेकोटीच्या कट्ट्यावर टेकवण्यासाठी केलेला आरसा. गोव्यात शेकोटी नाही, त्यामुळे इथे तो दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर गेला. पण घडणीची नावे ही शैलीची नावे आहेत. त्याच शैलीचे आरसे नंतरही बनत आले आहेत आणि आजही बनतात.

चौथे, निगा. वर्खाच्या चौकटीला ओले फडके कधीही लावू नये, पाण्याने सरस विरघळतो आणि सोने फडक्यावर येते. मऊ, कोरड्या कुंच्याने धूळ झटकावी. कोकणातल्या पावसात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि खडूचे पोपडे सुटतात, म्हणून बाहेरच्या भिंतीवर आरसा टांगू नये. जुन्या काचेवर नवा लेप चढवून घेऊ नये, आरशाचे वय त्याबरोबर जाते. पाऱ्याच्या काचेची पाठ उघड्या हाताने चोळू नये.

पाचवे, कायदा. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक किंवा कलात्मक वस्तू १९७२ च्या पुरातन वस्तू व कलानिधी कायद्याखाली येऊ शकते. हा कायदा एप्रिल १९७६ पासून अमलात आहे. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातल्या आपल्या नातेवाइकांनी हे ध्यानात ठेवावे. आजोळचा आरसा कंटेनरमध्ये घालण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करायला हवी.

घर फुटते तेव्हा

आरसे बाजारात येतात ते घरे फुटतात म्हणून. पेडणे-डिचोलीतल्या मोठ्या घरांचा डोलारा जमिनीच्या उत्पन्नावर उभा होता. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला, १९७५ चा मुंडकार कायदा आला. कसणाऱ्यांना आणि राहणाऱ्यांना हक्क मिळाले, आणि ते मिळायलाच हवे होते. सोनेरी आरसा ज्या खंडावर आला तो खंड पिकवणारी माणसे ओसरीच्या पुढे क्वचितच जात, हेही या इतिहासाचेच पान आहे. भाटकारांची मुले नोकरीसाठी मुंबई-पुण्याला गेली. वाड्याची कौले परतायलाही पैसा पुरेना.

त्यातच गोव्याचा वारसा कायदा. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. हिंदूंच्या काही रूढींना १८८० च्या फर्मानाने मान्यता मिळाली. या संहितेने मुलगा आणि मुलगी यांना समान वाटा दिला. महाराष्ट्रातल्या मुलींना जे हक्क फार उशिरा मिळाले ते गोव्यात त्या मानाने लवकर आले. वाटणी करताना मालमत्तेची यादी होते, प्रत्येक वस्तूची किंमत धरली जाते आणि वारस आपसात बोली लावू शकतात. जो जास्त बोलतो तो वस्तू घेतो आणि इतरांची भरपाई करतो. जमिनीचे तुकडे पडतात, दागिन्यांचे वाटे होतात, पण आरशाचे तुकडे कसे करणार? कोणीतरी तो घेतो किंवा सगळे मिळून विकतात. आपला 'लिलाव' हा शब्दसुद्धा पोर्तुगीज 'लैलांव'वरूनच आला आहे.

आता मागणीही दाराशी आली आहे. पेडण्यातल्या मोप येथील विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. तालुक्यात हॉटेले आणि बंगले वाढत आहेत, आणि त्यांच्या स्वागतकक्षांना 'जुने गोवे' भिंतीवर हवे असते. डिचोलीत २०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या आणि अनेक घरांचे पैशाचे गणित चुकले. विकायची गरज आणि घ्यायची हौस अशी एका तालुक्याच्या अंतरावर आली आहेत.

विकण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पडक्या वाड्यात वाळवीने खाण्यापेक्षा आरसा कोणाच्या भिंतीवर जगलेला बरा. पण विकताना पैशाबरोबर माहितीचाही व्यवहार व्हावा. हा आरसा कोणत्या गावच्या, कोणत्या वाड्यातल्या, कोणत्या भिंतीवर होता? तो मुंबईहून आला की पणजीहून? चौकट कोणी केली किंवा दुरुस्त केली? चवथीला माटोळी बांधली की समयांचा उजेड त्यात दिसायचा का? वीज नव्हती तेव्हा सोनेरी चौकट आणि मोठी काच यांचे मुख्य काम उजेड दुप्पट करणे हेच होते. हे सांगू शकणारी आजी किंवा आत्या अजून असेल तर तिचे शब्द तसेच लिहून घ्यावेत. कागदावर ते मराठीत असोत की कोंकणीत, चालेल.

कागदपत्रेही शोधावीत. वाटणीच्या जुन्या याद्या न्यायालयांच्या दप्तरात, घरच्या ट्रंकेत किंवा वकिलाकडे असतात. त्या पोर्तुगीजमध्ये असल्या तरी 'एश्पेल्यु' म्हणजे आरसा, 'मोल्दुरा' म्हणजे चौकट आणि 'दोरादा' म्हणजे सोनेरी, एवढे तीन शब्द माहीत असले तरी सुरुवात होते. जुन्या लग्नांचे, मुंजींचे फोटो चाळावेत. दिवाणखान्यात काढलेल्या फोटोत पाठीमागे आरसा असतो आणि त्यावरून तो त्या सालाआधी तिथे होता हे सिद्ध होते.

घेणाऱ्यांनीही हाच आग्रह धरावा. पावतीवर 'जुना फ्रेंच आरसा' एवढेच न लिहिता गाव, चौकटीचे लाकूड आणि केलेली दुरुस्ती यांची नोंद मागावी. विकणारा ती देत नसेल तर 'मोठ्या घराण्यातला' हे शब्द भावातून वजा करावेत.

या चवथीला आपल्यापैकी बरेच जण गावी जातील. दिवाणखान्यात असा आरसा असेल तर त्याचा पुढून एक, पाठून एक आणि कोपऱ्यातल्या जोडाचा एक असे तीन फोटो काढावेत. पाठीमागे टाचण लावून त्यावर घराचे नाव, गाव, वाडा आणि सांगणाऱ्याचे नाव लिहावे. आरसा पुढे कोणाकडेही गेला तरी तो कागद त्याच्याबरोबर जाईल.